डावी बाजू उंच

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरात सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. मोठमोठ्या दंतवैद्यांना मी फोनवर सुनावलंय की माप नीट घेता येत नसेल तर पेशंटला घरी पाठवा, पण असला चिखल मला पाठवू नका. प्लास्टरवाल्यानं एकदा ओलं पोतं गळ्यात मारलं, तर त्याला ते तिसऱ्या मजल्यावरून पाठीवर परत न्यायला लावलं. म्हणून सांगते, ज्या दिवशी खरंच बोलायचं होतं त्या दिवशी मी गप्प बसले, यावर माझ्या ओळखीचं कुणी विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नसता.

आमची कवळ्यांची लॅब. दंतवैद्य हिरड्यांचं माप पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा काढतो, साच्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो, आणि मग ते मेण काढून पक्की कवळी करतो. यातलं दात बसवणं हे खरं काम. बाकी सगळी हमाली. लॅब दादाची, माझ्या थोरल्या भावाची. मी सासरहून कायमची परत आले तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस माझ्याकडे बघायचं टाळत होतं. दादा तेवढा म्हणाला, "छोटे, उद्यापासून लॅबमध्ये ये." खिडकीजवळची खुर्ची त्यानं मला दिली, जिथे दिवसभर सरळ उजेड येतो. दात धरायचे कसे, चिमट्याला जोर किती द्यायचा, माणसाचा फोटो बघून त्याचं हसणं कसं ओळखायचं, सगळं त्यानं शिकवलं. आज माझं वय त्रेपन्न आहे, आणि अजून तो मला छोटीच म्हणतो. म्हणायचा.

चार वर्षांपूर्वी दादाच्या डोळ्यांनी दगा दिला. मोतीबिंदू काढला, तरी आतला पडदा गेलेलाच होता. डाव्या बाजूचं त्याला धुरकट दिसायचं. पण त्याला काम सोडवेना. बसायचा, दात लावायचा, आणि कवळी परत यायची. पेशंट म्हणायचा, एका बाजूला टोचतं, चावता येत नाही. परत आलेल्या प्रत्येक कवळीबरोबर एक चिठ्ठी लावायची असते, कुणाच्या हातची, काय चुकलं, खाली सही. पहिली कवळी परत आली तेव्हा दादा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "छोटे, मालकाचाच हात गेला असं डॉक्टरांना कळलं तर काम दुसरीकडे जाईल. अकरा माणसं आहेत आपल्याकडे. तुझ्या नावावर घाल. तुला कोण काय म्हणणार?"

मी सही केली. यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही मला. आमच्या घरात तसंच असायचं. वडिलांच्या हातून काचेचा कंदील फुटला तरी पाहुण्यांसमोर दादा म्हणायचा, माझा धक्का लागला. दादाचं काही चुकलं की मी पुढे. मोठ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, आणि मोठ्यानं आपल्याला जन्मभर अंतर द्यायचं नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कागदावरच्यापेक्षा पक्कं होतं. चार वर्षं मी डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. मी, जी कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेत नाही. एक डॉक्टर तर म्हणाला, ताई, आता वय झालं तुमचं, थांबा. मी म्हटलं, बरं.

मग दादानं लॅब विकली. पश्चिमेकडच्या एका मोठ्या परदेशी कंपनीला. त्याला मुलगा नाही, मला कुणीच नाही, चालवणार कोण? मी तक्रार केली नाही. फक्त विचारलं, माझं काय? तो म्हणाला, "लॅब कुणाचीही होवो, ती खुर्ची तुझी. मी त्यांना तसं सांगितलंय." मला तेवढंच हवं होतं. खिडकी, मेण, दात. मरेपर्यंत नाही, पण हात चालतोय तोवर.

कंपनीनं तिथून एक बाई पाठवली. उंच, आमच्यापैकी कुणापेक्षाही उंच, आणि खिशात कायम एक स्टीलची पट्टी. मेणाची जाडी मोज, टेबलाची उंची मोज, दोन खुर्च्यांमधलं अंतर मोज. तिसऱ्या दिवसापर्यंत तिचं नाव मोजपट्टी पडलं. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांसमोर दादाला नुसत्या नावानं हाक मारली. पासष्ट वर्षांच्या माणसाला. पॉलिशवाल्याच्या हातातली कवळी खाली पडली आणि आम्ही सगळे काहीतरी कामात असल्यासारखं करू लागलो. दादा मात्र हसून गेला तिच्यामागे. मला वाटलं, काय हा मोठेपणा.

दर सोमवारी सकाळी तिनं एक नवं खूळ काढलं. सगळ्यांनी गोल बसायचं आणि गेल्या आठवड्यातली आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची. सांगितली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पहिल्या सोमवारी अकराच्या अकरा माणसं आपापल्या चपला बघत बसली. शेवटी तीच म्हणाली, "मी शुक्रवारी दोन डॉक्टरांना एकच वेळ दिली. चूक माझी." आणि स्वतःच टाळी वाजवली. प्लास्टरच्या खोलीत काम करणारी बाई माझ्या कानात म्हणाली, ताई, हिला कामावरून काढलं का काय? तिला बिचारीला वाटलं, माणूस इतकं उघड कबूल करतं म्हणजे जाता जाताच.

खोटं कशाला बोलू, मला ती हळूहळू आवडायला लागली. माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसायची, तासतास बघायची. एकदा तिनं विचारलं, "हा दात तुम्ही थोडा वाकडा का लावला?" डॉक्टरांशी बोलून बोलून इंग्रजी मला कामापुरतं येत होतं. मी फोटो दाखवला. म्हातारीचा पुढचा दात तरुणपणी जरा आत होता. सरळ लावला असता तर घरच्यांनी तिला ओळखलं नसतं. मग म्हणाली, "या लॅबमध्ये काय बदलावं असं तुम्हाला वाटतं?" एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि मी काय उत्तर दिलं असेल? दादांना विचारा, म्हटलं. तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिला काय लिहावंसं वाटलं कोण जाणे.

दोन महिन्यांनी तिनं मला केबिनमध्ये बोलावलं. दादा आधीच बसला होता. टेबलावर डबेच डबे. परत आलेली कवळी आम्ही टाकून देत नसू, पुढे डॉक्टरनं वाद घातला तर दाखवायला म्हणून चिठ्ठीसकट डब्यात ठेवायचो. तिनं माळ्यावरून ते सगळे खाली काढले होते. चौतीस डबे, चौतीस चिठ्ठ्या, आणि चौतीस वेळा माझी सही.

"नव्या रचनेत दात बसवण्याच्या कामावर एकच प्रमुख राहील," ती म्हणाली. "मला त्या जागेवर तुम्ही हव्या होतात. पण मग हे सापडलं." तिनं एक कवळी जबड्यासारख्या उघडमीट होणाऱ्या बिजागरीच्या साच्यात बसवली, मध्ये निळा कागद धरला आणि मिटली. उघडून मला दाखवली. डावीकडच्या दाढांवर निळे डाग, उजवीकडे काहीच नाही. दुसरी घेतली. तेच. "सगळ्यांची डावी बाजू उंच. कागदाइतकीच, पण सगळ्यांची. तुमच्या बाकीच्या कामात मी ही चूक शोधली. एकाही कवळीत सापडली नाही." मग ती पुढे वाकली आणि अगदी सावकाश, मला शब्द न् शब्द कळेल असं म्हणाली, "मी तुम्हाला सरळ विचारते. या कवळ्या तुमच्या हातच्या आहेत का?"

आता बघा. तिला दिसलं होतं. एखाद्या पोरालाही दिसलं असतं. दार तिनं सताड उघडून धरलं होतं, मी फक्त बाहेर पडायचं होतं. आणि मी काय केलं? मी दादाकडे पाहिलं. कारण माझ्या तोंडून ते निघणं शक्यच नव्हतं. परक्या बाईसमोर थोरल्या भावाकडे बोट करायचं? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी. पण मी बोलायची गरजच काय होती? दादा होता ना तिथे. तो म्हणणार, अहो, तिला कशाला विचारता, माझे डोळे गेलेत, ती माझं झाकत आली. एवढं वाक्य. मी त्याची वाट बघत राहिले. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"माझ्याच सह्या आहेत," मी म्हटलं. हे म्हणतानाही माझी खात्री होती की आता, आता तो बोलेल. त्याचा शब्द मी खाली पडू दिला नव्हता, आता मला अंतर न द्यायची पाळी त्याची.

आणि तो बोललाही. मोजपट्टीला म्हणाला, "हात चांगला आहे तिचा. पण घाई फार. मी कितीदा सांगितलं, सावकाश कर म्हणून. ऐकत नाही."

गप्प राहिला असता तर मी त्याला माफ केलं असतं हो. मनाशी म्हटलं असतं, घाबरला, म्हातारा झाला, शब्द सुचला नाही. पण त्यानं वर आणखी चार वाक्यं जोडली. इतक्या सहज, की ती त्यानं आधीपासून तयार ठेवली होती हे मला तिथल्या तिथे कळलं. टेबलावरच्या त्या चौतीस कवळ्या माझ्याकडे बघून दात काढत होत्या, आणि मी उठून बाहेर आले.

आठ दिवसांत कागद आला. इतकी कामं परत आलेल्या माणसाला पेशंटच्या तोंडात जाणारं काम देता येत नाही, तरी अनुभव पाहता प्लास्टरच्या खोलीत जागा देत आहोत. प्रमुख म्हणून दादा, तीन वर्षांसाठी. प्लास्टरची जागा मी घेतली नाही. माझा चिमटा आणि मेण कापायची सुरी रुमालात गुंडाळली. ती दोन्ही माझी स्वतःची होती. जिन्यात मोजपट्टी मागून आली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या तुमच्या नव्हत्या."

"मग?"

"मी विचारलं होतं. तुम्ही स्वतः हो म्हणालात. तुमच्या शब्दावर मी माझा अंदाज कसा लादू? आमच्याकडे तो माणसाचा अपमान असतो."

"आमच्याकडे असं विचारतच नाहीत," मी म्हटलं. "आमच्याकडे ओळखतात."

तिचे डोळे भरले होते की काय, मला नीट दिसलं नाही, बघायचंही नव्हतं. तिचा राग करायचा मी प्रयत्न केला, खरंच केला, पण जमेना. तिनं तिच्याकडची रीत सोडली नव्हती. रीत मोडली होती ती माझ्याच घरातल्या माणसानं.

उरलंसुरलं वहिनीनं सांगितलं. चार दिवसांनी घरी आली, माझी समजूत घालायला. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या दादावर चिडू नकोस गं. लॅब विकायच्या वेळीच त्यांना सांगितलं होतं कंपनीनं, दोघांपैकी एकच राहील. दोन दिवस जेवले नाहीत ते. घरी बसले तर खचतील, मीच म्हटलं त्यांना." तिला वाटलं हे ऐकून मला दया येईल. मी मोजत होते. विकायच्या वेळी, म्हणजे सहा महिन्यांपूर्वी. म्हणजे "ती खुर्ची तुझी" म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं. म्हणजे मोजपट्टी माझं "दादांना विचारा, दादांना विचारा" ऐकून त्याच्याकडे जायची तेव्हाही माहीत होतं. केसानं गळा कापतात म्हणतात ते असं. वहिनीला मी चहा दिला, वाटेपर्यंत सोडलं, आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसले.

महिन्याभरानं दादा आला. दुपारची वेळ होती. हातात रुमालाची पुरचुंडी. माझ्या ओट्यावर ती सोडली, तर आत साचा, मेण, आणि एका छोट्या डबीत दातांचा संच. वर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. साच्यातला जबडा इतका झिजलेला की दात टेकायला जागाच नाही.

"मोजपट्टी आता प्रत्येक कवळी तपासते," तो म्हणाला. "निळा कागद लावते. दोन माझ्या परत आल्या. ही तिसरीही परत आली तर..." मग त्यानं आवाज मऊ केला. "तू घरीच बसून लाव. तासाभराचं काम तुझं. वर नाव माझं घालतो. आपण दोघं काय वेगळे आहोत का, छोटे?"

मी साचा हातात घेतला. हात शिवशिवले, खोटं नाही सांगत. महिनाभर मी एकही दात धरला नव्हता. कुठला कुठे बसेल ते मला बघताक्षणी दिसलं. चार वर्षं त्याच्या वाकड्या कवळ्या माझ्या नावावर, आणि आता माझी सरळ कवळी त्याच्या नावावर. या माणसाला हे मागताना काहीच वाटलं नाही.

"दादा, एकदा म्हण," मी म्हटलं. "त्या चौतीस माझ्या होत्या म्हण. इथे कुणी नाही ऐकायला."

त्यानं खरंच दाराकडे वळून पाहिलं, उघडं आहे का ते. मग म्हणाला, "बरं, माझ्या होत्या. झालं समाधान? लाव आता."

एवढ्याशा वाक्यासाठी मी त्या केबिनमध्ये जीव मुठीत धरून बसले होते. आणि त्यानं ते असं दिलं, उरलेली चिल्लर टाकावी तसं. मला वाटलं होतं हे ऐकलं की आतलं काहीतरी खाली बसेल. बसलं नाही, उलट वर आलं.

मी साचा रुमालात ठेवला, डबी ठेवली, फोटो ठेवला. गाठ मारली. "हेच उद्या तिच्यासमोर म्हण. सोमवार आहे. सगळे गोल बसलेले असतील. मग हे माझ्याकडे आण, मी फुकट लावून देते."

"वेड लागलंय का तुला? या वयात मी चार लोकांत तोंड काळं करून घेऊ?"

"माझं केलंस तेव्हा चारच लोक नव्हते. सगळ्या गावच्या डॉक्टरांत केलंस."

"तुला विचारलं होतं ना तिनं," तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "सरळ तोंडावर विचारलं होतं. तुला तोंड नव्हतं? ती तुझीच बाजू घेत होती. तूच हो म्हणालीस, मी काय करणार?"

शब्द न् शब्द मोजपट्टीचा. जिन्यात तिनं जे म्हटलं तेच. फक्त तिच्या तोंडून ऐकताना मला तिची कीव आली होती. जन्मभर मला गप्प बसायला शिकवलं या माणसानं, आणि आता विचारत होता, गप्प का बसलीस.

मी पुरचुंडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती घेतली, पण हलला नाही. "ती म्हातारी दातांची वाट बघतेय," तो म्हणाला. माझी दुखरी जागा त्याला पहिल्यापासून माहीत. "तिचा काय दोष?"

"काहीच नाही. तिला खरं सांग."

"तू बदललीस, छोटे. तू त्या लोकांसारखी झालीस."

"नाही रे दादा," मी म्हटलं, आणि तेव्हा मला रडू आलं, इतके दिवस आलं नव्हतं ते. "त्यांच्यासारखी असते तर त्या दिवशीच बोलले असते."

मी त्याला बस म्हटलं नाही. चहाचं विचारलं नाही. तो गेला, आणि मी दाराला आतून कडी घातली.